घाटावरचा मुका डबा

सांगली, ९ फेब्रुवारी

वीरधवल,

'अनेक आशीर्वाद' लिहायची इच्छा नाही, आणि लिहिले तरी ते तुला लागायचे नाहीत. फोन तू ब्लॉक केलास, मेलला उत्तर देत नाहीस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. बंगळूरच्या त्याच पत्त्यावर आहेस ना? नसलास तर जो कोणी हे पाकीट फोडेल त्यानं खुशाल वाचावं.

आत्या आता वॉकर धरून चालते. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जाते, परत येते, आणि प्रत्येक फेरीला तुझं नाव घेते. शिव्या देत नाही, तेच मला सहन होत नाही. म्हणते, "वीरूनं सांगितलं हुतं, आत्या, डबा वाजला की निघ, तवर निवांत झोप. डबा वाजलाच न्हाई. मग मी कशी निघू?"

गेल्या श्रावणात गल्लीत पाणी शिरलं तेव्हा भर दुपार होती. मी कॉलेजात शिकवत होते आणि ही बाई गाढ झोपलेली. शेजारच्या सुलाबाईंनी दारातनं हाका मारल्या, "रंगूबाई, उठा, चला." ही म्हणाली, डबा न्हाई वाजला अजून. पाणी खाटेला लागलं तेव्हा घाबरून पाय खाली टाकला आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सुलाबाई आणि त्यांची सून, दोघींनी तिला चादरीत घालून वर रस्त्यावर आणली. हे सगळं तुला माहीत आहे. तरी परत लिहिते, कारण तू आला नव्हतास.

घाटावरच्या खांबावरचा तो डबा आपण तिघांनी बसवला. २०१९च्या पुरानंतर, तू, मी आणि आबा. पाणी चढलं की खाली सोडलेला तरंगा उचलला जाणार आणि भोंगा वाजणार, एवढंच त्याचं काम. आतल्या सर्किट-बोर्डाची माहिती सांगणारी फाईल आबांनी लिनक्सच्या कर्नलमध्ये, जगभरचे लोक मिळून लिहितात त्या मूळ प्रोग्रॅममध्ये, घातली. तरंगा वाचायचा त्यातला छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, तू लिहिलास. बसवणं, जोडणं, देखरेख माझ्याकडं. ड्रायव्हर तुझा आणि डबा मुका. आता ह्याचा अर्थ काय होतो ते तूच सांग.

कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर मी तुला "डिअर वीरधवल, थँक्स फॉर युअर टाइम" असं लिहिते, कारण तिथं सगळं जग वाचतं आणि लिहिलेलं पुसता येत नाही. त्याला भुलू नकोस. खरं म्हणायचं ते इथं म्हणते. पावसाळा तोंडावर आला की मग जागा होणार का तू? औदुंबर, भिलवडीपासून इथपर्यंत काठाला आपलेच डबे आहेत. त्यातला एक तरी धड आहे का, मला ठाऊक नाही. उत्तर दे.

राजनंदिनी


सांगली, २ मार्च

वीरधवल,

तुझं उत्तर मिळालं. टाईप केलेलं! सख्ख्या बहिणीला टाईप करून पत्र, खाली सहीसुद्धा नाही. "माझ्या ड्रायव्हरमध्ये दोष नव्हता. कर्नलचा हा भाग सांभाळणाऱ्या नॉर्वेच्या मेंटेनरनं कोडची साफसफाई केली, त्याच्याशी बोल." वा रे बहाद्दर.

त्याच्याशी बोलायच्या आधी मी स्वतः बघून घेतलं. डबा खांबावरून उतरवून अंगणात आणला. बादलीत पाणी भरलं, त्यात तरंगा सोडला, आत्या पंच म्हणून उंबऱ्यात उभी. तरंगा वर उचलला. डबा ढिम्म. मग भोंग्याचं बटण दाबलं तर अख्खी गल्ली गोळा झाली. आपण कसे फसलो कळलं का? दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हेच बटण दाबायचं असं आपणच ठरवलं होतं. भोंगा कोकलायचा आणि सगळे खूश व्हायचे. तरंगा खाली चिखलात, तिथं जायचा सगळ्यांना कंटाळा. आत्या म्हणाली, "आगं, नदी काय बटण दाबाया येती व्हय?"

जुनं कर्नल घातलं, डबा वाजला. नवं घातलं, मुका. मग मधलं, मग त्याच्याही मधलं, असं अर्ध्याअर्ध्यानं सरकत जिथं बिघडलं त्या बदलापाशी पोचले. तुझं खरं निघालं, तो बदल, तो पॅच, त्या नॉर्वेवाल्याचाच. तुझ्या ड्रायव्हरमधली एक ओळ त्यानं काढून टाकली. तरंग्याची वायर सुटी झाली की ती जिथं जोडलीय ती बोर्डाची पिन वर ओढून धरायची, ती ओळ. त्याचं म्हणणं, हे सांगणं ड्रायव्हरचं काम नाही, बोर्डाच्या फाईलचं आहे. नियमानं बरोबरच बोलला तो.

पण पॅचच्या खाली त्यानं काय विचारलंय, ते तुझ्या पत्रात कुठंच नाही! "ही ओळ काढल्यानं एखादा बोर्ड बिघडणार असेल तर ड्रायव्हरच्या लेखकानं कळवावं." आणि तुझं नाव, तुझा पत्ता. त्यानं वाट बघितली, परत एकदा आठवण केली. तू गप्प. तोंड शिवलं होतं काय रं तुझं? "थांबा" एवढा एक शब्द लिहिला असतास तर आत्या आज शनिवारच्या बाजारात भाजीवाल्यांशी हुज्जत घालत असती.

का गप्प बसलास? टाईप करू नकोस. हातानं लिही.

राजनंदिनी


सांगली, २१ मार्च

वीरधवल,

तू काही लिहिणार नाहीस हे मला कळायला पाहिजे होतं. म्हणून मीच बोर्डाची फाईल उघडली आणि पिनेला मीटर लावून बसले.

आत्याला विचारायचं होतं नेमकं काय मोडलं. तिला सांगितलं ते तुलाही सांगते, म्हणजे तुला कळेल की मला सगळं कळलंय. तरंगा खाली असतो तेव्हा वायर जोडलेली असते, व्होल्टेज शून्य. पाण्यानं तो उचलला की वायर सुटते, लोंबकळते. लोंबकळणारी वायर बोर्डानं वर ओढून धरली, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज ठेवलं, तरच त्याला फरक कळतो की पाणी आलं. आबांनी फाईलमध्ये लिहिलंय, खाली ओढायची, म्हणजे शून्यावर. मग वायर जोडलेली असो नाहीतर सुटलेली, बोर्डाला दोन्ही सारखंच. आत्या म्हणाली, "म्हंजी चूक सयाजीची?"

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला लागले. तू तिला हो म्हणाला असतास का?

तर तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. ड्रायव्हर लिहिताना तुझा तरंगा वाचला जाईना, तू शोधलंस, बापाची चूक सापडली. आणि त्यांना सांगायच्या ऐवजी गुपचूप आपल्या ड्रायव्हरात एक ओळ टाकलीस. का टाकली त्याची टीपसुद्धा नाही. मला नाही, आबांना नाही, कुणाला पत्ता नाही. मग नॉर्वेवाल्यानं चारचौघांत विचारलं तेव्हा खरं सांगायचं म्हणजे बोर्डाची फाईल चुकली म्हणून सांगायचं, आणि त्या फाईलवर नाव आहे सयाजी. म्हणून तू दातखीळ बसल्यासारखा बसलास.

आबा काय करतात ते मी दर महिन्याला बघते. साताऱ्यात पोवई नाक्यावर त्यांचा माजी सैनिकांचा कट्टा. नवा कोणी आला की फोन काढून त्याला ती फाईल दाखवतात. "सिग्नल्समधनं सुभेदार म्हणून रिटायर झालो आन् थेट कर्नलमधी गेलो," म्हणतात, आणि सगळे म्हातारे शंभराव्यांदा हसतात. साठी उलटल्यावर माणूस आपल्याबरोबर कोड लिहायला शिकला. मला काय दिसत नाही होय? मला सगळं दिसतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलंय. तू त्यांची लाज राखलीस आणि आत्याला पाडलंस. मोठा श्रावणबाळ!

राजनंदिनी


सांगली, १४ एप्रिल

वीरधवल,

लिस्टवर तुझा पॅच वाचला. काढलेली ओळ परत ड्रायव्हरमध्ये घातलीस, आणि कारण काय, तर "काही जुन्या बोर्डांच्या सोयीसाठी". सोयीसाठी! नशीब माझ्या हातात चहाचा कप नव्हता. मी तिथं काय लिहिलं वाचलंस ना? "थँक यू फॉर द पॅच, आय हॅव अ फ्यू कन्सर्न्स." त्या वाक्याचं मराठी असं आहे: निर्लज्जा, अजून झाकतोस?

नॉर्वेवाल्यानं तुला बरं परतवलं. फाईल चुकली असेल तर फाईल दुरुस्त करा, आणि 'फिक्सेस'ची ओळ घाला. ज्या बदलानं बिघाड आला त्याचं नाव दुरुस्तीत लिहायचंच, हा तिथला रिवाज तुला मी शिकवलाय की तू मला, आठवत नाही. ती ओळ घातली की कुणीही बोट लावावं आणि आबांचं नाव वर यावं. आणि तिथनं ते कधी निघायचं नाही, आपण सगळे मेलो तरी.

तू पत्रात (हातानं लिहिलंस, आभारी आहे, अक्षर अजून कोंबडीचंच आहे) लिहितोस की सांगलीचा डबा मी माझ्यापुरता नीट करून घ्यावा आणि विषय संपवावा. केलाय नीट. पुढचं अपडेट आलं की परत मुका होणार. बाकीच्या गावांचे डबे आपले आपण अपडेट घेतात, कारण प्रत्येक खांबावर चढायला माणूस कुठनं आणायचा असं तूच तेव्हा म्हणाला होतास. कर्नलमध्ये दुरुस्ती गेली तरच ती सगळीकडं पोचणार. भिलवडीतही कुणाची तरी आत्या झोपलेली असेलच की.

तर तू लिही ती ओळ. मी का लिहू? माझा पॅच तयार आहे, कधीचा तयार आहे, तो विषय नाही. त्यांच्या गोळ्या मी आणते, त्यांच्या गुडघ्याला तेल मी लावते, दर महिन्याला साताऱ्याला मी जाते. आणि त्यांच्या नावापुढं चूक म्हणून शिक्का मारायचा तोही मीच? लांब राहून लाडका व्हायचं आणि वाईटपणा अक्कानं घ्यायचा, हे लहानपणापासनं चाललंय. आता बास.

राजनंदिनी


सांगली, ११ मे

वीरू,

लिस्टवरची आबांची मेल बघितलीस ना?

आपण दोघं एवढे शहाणे, आणि आबा त्या लिस्टवर पहिल्या दिवसापासून आहेत हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रोज सकाळी पेपर वाचतात तशी लिस्ट वाचतात. तुझा पॅच वाचला, माझे गोड गोड कन्सर्न्स वाचले, नॉर्वेवाल्याचं उत्तर वाचलं, आणि उठून आपली फाईल बघितली. तीन आठवडे आपण बोलायची वाट बघितली, मग सगळ्या जगासमोर लिहिलं. त्यांचं ते फौजी इंग्रजी मला इथं उतरवता येत नाही, पण म्हटलंय ते असं: "सर, बोर्डाच्या फाईलमधली चूक माझी आहे. पिन वर ओढायला पाहिजे होती, मी खाली लिहिलं. माझ्या मुलांना हे माहीत असावं असं दिसतं, पण ती बोलत नाहीत. दुरुस्तीचा पॅच जोडला आहे. फिक्सेसच्या ओळीत माझा बदल लिहिला आहे."

मागाहून स्वतःच साताऱ्याहून एसटीनं आले. दारात पाणी दिलं तर घेतलं नाही. मला म्हणाले, "माझी चूक झाकाया मी काय तान्हं पोर हाय?" मी म्हटलं, आबा, ते वीरधवलनं. तर जास्तच भडकले. "त्यानं झाकली, तू दडवली. दोगं एका माळंचं मणी. आगं, फौजेत लाईन तुटली की कुणाच्या हातनं तुटली ते आदी इचारायचं. फाशी द्यायला न्हवं. त्या माणसानं आनी कुटं कुटं हात लावलाय ते बघाया लागतंय म्हणून." आणि खिशातनं फोन काढून दाखवला. वाईकडच्या डब्यांच्या बोर्डाची फाईलही त्यांचीच होती. तिच्यातही तेच, खाली. आपण दोघांनी नाव लपवलं आणि त्यापायी ती दुसरी फाईल कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही. दोन्हीची दुरुस्ती त्यांनी एकदम पाठवलीय.

मग आत्याच्या खाटेवर जाऊन बसले. इतका वेळ चढलेला आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "रंगे, माझ्यामुळं पडलीस." आत्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, वॉकरचं रबर चाचपत म्हणाली, "पडले ती माझ्या पायानं. तू आदी डबा नीट कर." मग मात्र दोघंही रडली. मी स्वयंपाकघरात गेले.

पॅचमध्ये आबांनी आणखी एक ओळ घातलीय, 'रिपोर्टेड बाय: रंगूबाई'. नॉर्वेवाल्यानं विचारलं, यांचा ईमेल? आबांनी लिहिलं, नाही, पण डबा वाजला नाही हे सगळ्यात आधी ह्यांना कळलं. त्यानं मान्य केलं.

आता कामाचं. पॅच आबांनी लिहिला, मी तपासून सही केली. नॉर्वेवाला म्हणतो, जुन्या बोर्डावर तिसऱ्या कुणीतरी चाचणी करावी, शक्यतो ड्रायव्हरच्या लेखकानं, मगच मी घेतो. जुना बोर्ड ह्या घाटावर आहे. आबांना वाटतं 'टेस्टेड बाय'मध्ये तुझं नाव यावं. मी म्हटलं, बंगळूरला बसून लिहील की तो. आबा म्हणाले, "सवता केल्याबिगर ती वळ लिवायची नसती. त्येला बोलाव."

बोलावते. माझ्यासाठी येऊ नकोस, मला तुझं तोंड बघायची हौस नाही. नदी चढायच्या आत ये.

राजनंदिनी


सांगली, ८ जून

वीरू,

काल आलास, काम केलंस, चहा न घेता गेलास. आबांशी बोललास, सुलाबाईंशी बोललास, अंगणातल्या मांजराशी बोललास. माझ्याशी एक शब्द नाही. मीही काढला नाही म्हणा. म्हणून परत हा कागद.

तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घाटाच्या खाली उतरलास आणि चिखलातनं तरंगा वर उचललास, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन पायरीवर होते. पिन वर गेलेली मला दिसली आणि पुढच्याच क्षणाला भोंगा. सगळ्या गल्लीला आधी सांगितलं होतं, आज चाचणी आहे, घाबरू नका. आत्यालाही सकाळी दोनदा सांगितलं होतं. ती विसरली की मुद्दाम केलं, देव जाणे.

वॉकर आत टाकून, भिंत धरत धरत ती उंबऱ्यात आली. काखेत गाठोडं. तू चिखलानं भरलेला तसाच पळत वर आलास. "आत्या, टेस्ट हाय गं. खरं पाणी न्हाई." ती म्हणाली, "वाजलाय न्हवं? तूच सांगितलं हुतंस, वाजला की निघ. मग चल."

तू वाकलास. तिनं तुझ्या गळ्यात हात टाकले. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत नेशील, समजूत काढशील आणि आणून सोडशील. नाही. सगळी गल्ली बघत होती, पोरं हसत होती, भोंगा कोकलत होता, आणि तू तिला पाठीवर घेऊन वर रिक्षा थांबतात तिथपर्यंत चढलास. तिथं उभा राहून तू म्हणालास, "आत्या, मला इचारलं हुतं त्यानं. मी बोललो न्हाई." मी मागं वॉकर घेऊन येत होते, एवढं ऐकलं. तिनं तुझ्या कानाशी तोंड नेऊन काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. रात्री जेवताना विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय? आमचं आमी बघू." पण त्यावर तू तिला खाली ठेवायच्या ऐवजी जरा वर सरकवून घट्ट धरलीस, ते मी बघितलं.

तुझी ओळ आज लिस्टवर आली. आबांनी ती मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवली, जसं काही मला इंग्रजी वाचता येत नाही. नॉर्वेवाल्यानं पॅच घेतला. औदुंबरच्या माणसानं नवं कर्नल घालून बादलीत तरंगा उचलला, तिथंही वाजला. भिलवडीचं उद्या कळेल.

माझा राग गेलेला नाही. आत्या वाकडी चालते आणि आता ती तशीच चालणार, हे मला रोज दिसतं, तुला नाही. तू माफी मागितलीस ती तिच्याकडं, माझ्याकडं नाही. ते अजून बाकी आहे आणि मी विसरणारी बाई नाही.

पण पहिल्या तारखेला मी बटण दाबणार नाही. इथनं पुढं तरंगाच उचलायचा. त्याला एक माणूस खाली चिखलात लागतो आणि एक वर डब्यापाशी. आणि आत्यानं आज सकाळीच बजावून ठेवलंय, टेस्ट असो का खरं, वाजला की मी निघणार. म्हणजे तिला पाठीवर घ्यायला एक लागतो. आबांचे गुडघे गेलेत, माझ्यानं ती उचलत नाही.

एक जुलैला बुधवार आहे. रजा टाक. आणि फोन अनब्लॉक कर, पोस्टानं लय वेळ लागतो.

अक्का